गाणे आणि देणे

पंधरा ऑगस्ट आणि सव्वीस जानेवारी या दोन दिवशी आपल्या वस्त्यांमधून जे कार्यक्रम होतात, त्यांचा एक ठरलेला साचा आहे. सकाळी शाळेत आणि मदरशात झेंडावंदन, मुलांच्या हातावर जिलेबी, आणि संध्याकाळी एखाद्या सभागृहात देशभक्तिपर गीतांची मैफल. २०२० च्या टाळेबंदीत सभागृहांना कुलूप लागले तेव्हा ही मैफल मोबाइलच्या पडद्यावर आली आणि टाळेबंदी उठल्यानंतरही काही ठिकाणी ती तिथेच रमली. त्यात सोय होती. दापोलीकडच्या खेड्यातले आजोबा, नांदेडची शिक्षिका आणि कुवेतमध्ये नोकरीला असलेला तरुण असे सगळे एकाच वेळी एकत्र येऊ शकत होते.

कार्यक्रम सभागृहात असो वा पडद्यावर, त्याचे साधारणपणे तीन भाग असतात. आधी गाणी होतात. मग एखादे बुजुर्ग आठवणी सांगतात. शेवटी प्रमुख वक्ते नावे वाचतात. अशफाकउल्ला खान, मौलाना आझाद, ब्रिगेडियर मोहम्मद उस्मान, हवालदार अब्दुल हमीद. प्रत्येक नावाला टाळी पडते. ही नावे घेताना वक्त्याचा आवाज चढतो. तो नेमका कुणाशी बोलत असतो? समोर बसलेली मंडळी तर आपलीच असतात. त्यांना काही पटवून द्यायचे कारण नसते. तरीही त्या आवाजात पटवून देण्याचा सूर असतो. जणू दाराबाहेर कुणीतरी उभे आहे आणि आतले बोलणे ऐकते आहे.

या लेखात त्या दाराबाहेरच्या श्रोत्याचा विचार करायचा आहे. तो खरोखर असतो की आपणच त्याला आपल्या मनात बसवून घेतले आहे, हा प्रश्न बाजूला ठेवू. कधी तो असतो, हे आपल्याला अनुभवाने माहीत आहे. मुद्दा वेगळा आहे. देशप्रेम सिद्ध करता येते का? आणि समजा येत असेल, तरी ते सिद्ध करत बसावे का? ज्या गाण्यांनी आणि आठवणींनी आपले मन भरून यायला हवे, ती आपण पुरावा म्हणून सादर करू लागलो तर त्या गाण्यांचे आणि आठवणींचे काय होते?

साक्ष आणि स्मरण या दोन निरनिराळ्या गोष्टी आहेत. साक्ष देणारा माणूस न्यायाधीशाकडे पाहून बोलतो. काय सांगितले तर आपल्या बाजूने निकाल लागेल, याचा विचार करून तो शब्द निवडतो. स्मरण करणारा माणूस ज्याची आठवण काढायची त्याच्याकडे पाहत असतो. दोघे तेच नाव घेतील, तेच गाणे म्हणतील, पण दोघांचे तोंड वेगवेगळ्या दिशांना असते. पडद्यावरच्या मैफलीत हा फरक सहज लक्षात येतो. आखातात राहणारा आपला माणूस देशाचे गाणे म्हणतो तेव्हा त्याच्यासमोर कोणीही परीक्षक नसतो. तिथे त्याला कुणी निष्ठा विचारत नाही. गाणे म्हणताना त्याला गावचा पऱ्या आठवतो, मशिदीमागची विहीर आठवते, एसटीच्या थांब्यावरचा चहा आठवतो. तेच गाणे इथे गावात म्हणणाऱ्याच्या मनात मात्र आपण बरोबर म्हणतो आहोत ना, पुरेसे मोठ्याने म्हणतो आहोत ना, अशी एक शंका डोकावते. परदेशी गेलेल्या माणसाला देशाचे गाणे मोकळेपणाने म्हणता यावे आणि देशात राहणाऱ्याला ते जपून म्हणावे लागावे, ही उलटी गोष्ट आहे.

पुराव्याच्या मार्गात पहिली अडचण न्यायाधीशाची आहे. साक्ष घेणारा कोण? तोही आपल्यासारखाच एक नागरिक. राज्यघटनेने नागरिकत्व देताना कुणाच्याही प्रेमाचे मोजमाप मागितलेले नाही. १९७६ साली बेचाळिसाव्या घटनादुरुस्तीने मूलभूत कर्तव्यांचे कलम ५१ क घटनेत आले. त्यात राष्ट्रध्वज आणि राष्ट्रगीताचा आदर करावा असे आहेच, पण त्याच कलमात धर्म, भाषा आणि प्रदेश यांचे भेद ओलांडून बंधुभाव वाढवावा, नद्या आणि वने जपावीत, वैज्ञानिक दृष्टी अंगी बाणवावी असेही आहे. ही कर्तव्ये सर्व नागरिकांची आहेत. त्यात परीक्षा घेणाऱ्यांचा एक गट आणि परीक्षा देणाऱ्यांचा दुसरा गट अशी विभागणी नाही. म्हणजे देशप्रेमाची परीक्षा घ्यायचीच झाली तर परीक्षकालाही त्याच बाकावर बसावे लागेल, आणि मग नदी किती स्वच्छ ठेवली हा प्रश्नही पेपरात येईल.

दुसरी अडचण अशी की हा पुरावा कधी पुरा होत नाही. एखाद्याला माहिती नसेल तर माहिती देऊन त्याचे समाधान करता येते. संशय मात्र माहितीच्या अभावातून जन्मलेला नसतो, त्यामुळे तो माहितीने मिटत नाही. हवालदार अब्दुल हमीद १० सप्टेंबर १९६५ रोजी खेमकरणच्या रणांगणात शहीद झाले आणि त्यांना मरणोत्तर परमवीर चक्र मिळाले. ही गोष्ट शाळेतल्या मुलालाही माहीत असते. त्यानंतरही दरवर्षी तीच गोष्ट पुरावा म्हणून सादर करावी लागत असेल, तर मागणाऱ्याला पुरावा नकोच आहे असे समजायला हरकत नाही. त्याला मागत राहायचे आहे. अशा माणसापुढे आयुष्यभर फाइल घेऊन उभे राहणे हा आत्मसन्मानाचा मार्ग नव्हे.

तिसरी अडचण मला सर्वांत गंभीर वाटते. पुरावा म्हणून वापरले की ज्यांची आठवण काढायची त्यांच्यावरच अन्याय होतो. सोलापूरचे उदाहरण घेऊ. मे १९३० मध्ये महात्मा गांधींच्या अटकेनंतर सोलापुरात उठाव झाला. इंग्रजांनी गावात लष्करी कायदा पुकारला. पुढे पोलिसांच्या खुनाच्या आरोपावरून चौघांवर खटला झाला आणि १२ जानेवारी १९३१ रोजी येरवड्याच्या तुरुंगात मल्लप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, जगन्नाथ शिंदे आणि श्रीकिसन सारडा यांना फाशी देण्यात आली. कुर्बान हुसेन तेव्हा विशीतले होते. गिरणी कामगारांत त्यांचे काम होते आणि ते ‘गझनफर’ नावाचे वृत्तपत्र चालवीत. सोलापुरात या चौघांचे पुतळे एकत्र उभे आहेत आणि साधा रिक्षावालाही त्या जागेला ‘चार पुतळा’ म्हणतो. तिथे कोणी एक-एक पुतळा वेगळा करून पाहत नाही.

आता आपल्या कार्यक्रमात काय होते? आपण त्या चौघांतून कुर्बान हुसेन यांना उचलतो आणि आपल्या यादीत घालतो. आणखी कुणी धनशेट्टींना उचलतो, कुणी सारडांना. प्रत्येक समाज आपापला हुतात्मा घरी घेऊन जातो आणि चौक रिकामा होतो. ज्या तरुणाने गिरणीतल्या कामगाराला त्याची जात आणि धर्म न विचारता एकत्र केले, त्याला आपण फक्त ‘आपला’ करून ठेवतो. त्याच्या मरणाचा अर्थ चौघांच्या मिळून मरण्यात आहे. यादीत बसवताना तो अर्थच कापून टाकला जातो. अशफाकउल्ला खान यांचेही तसेच. १९ डिसेंबर १९२७ रोजी फैजाबादला त्यांना फाशी झाली, त्याच दिवशी गोरखपूरला रामप्रसाद बिस्मिल फासावर गेले. एकाचे नाव घ्यावे आणि दुसऱ्याचे गाळावे, असे त्या मैत्रीत काहीच नाही.

यावर कुणी म्हणेल, आणि ते म्हणणे रास्त आहे, की आम्ही ही नावे घेतली नाहीत तर घेणार कोण? पाठ्यपुस्तकात ती येत नाहीत. चौकांना, रस्त्यांना दिली जात नाहीत. ‘चले जाव’ ही घोषणा सर्वांना पाठ आहे, पण ‘क्विट इंडिया’ हे शब्द सुचवणारे युसूफ मेहेरअली होते, ‘सायमन गो बॅक’ ही घोषणाही त्यांचीच आणि १९४२ साली ते मुंबईचे महापौर होते, हे किती जणांना ठाऊक असते? ‘इन्किलाब झिंदाबाद’ म्हटले की लोकांना भगतसिंग आठवतात. ते योग्यच आहे. पण ती घोषणा १९२१ साली मौलाना हसरत मोहानी यांनी दिली, हे फारसे कुणी सांगत नाही. कृष्णावर प्रेमाने कविता लिहिणारा आणि अनेकदा हजला जाणारा हा मौलवी आज आपल्याही नव्या पिढीला परका आहे. मग आपणही गप्प बसलो तर विस्मरण पुरे होईल.

हा आक्षेप मला मान्य आहे. पण त्यातून निघणारा निष्कर्ष वेगळा आहे. गाळलेली नावे पुन्हा लिहिणे हे इतिहासाचे काम आहे, निष्ठेचे प्रमाणपत्र मिळवण्याचे नाही. ही दोन कामे एकसारखी दिसतात, पण त्यांची कसोटी वेगळी आहे. इतिहासाचे काम करणारा मेहेरअलींबद्दल सांगताना ते समाजवादी होते, किसान-कामगारांत वावरले, तुरुंगवासाने शरीर खचले आणि २ जुलै १९५० रोजी वयाच्या सेहेचाळिसाव्या वर्षी गेले, हे सगळे सांगेल. प्रमाणपत्र हवे असलेल्याला यातले काही नको असते. त्याला फक्त नाव हवे असते, कारण नावावरून धर्म कळतो. म्हणून माझे मागणे एवढेच आहे की नाव घेतले तर माणूसही सांगावा. तो काय मानत होता, कुणाबरोबर होता, कशासाठी झगडला, हे सांगितले की तो आपोआप पुराव्याच्या फाइलमधून बाहेर येतो. आणि हे काम एकट्या मुसलमानांचे नाही. सत्य जाणून घेणे ज्याला हवे त्या प्रत्येकाचे ते आहे.

आता गाण्यांकडे वळू. गाणे कुणाचे असते? डॉ. इक्बाल यांनी १९०४ साली ‘तराना-ए-हिंदी’ लिहिला. काही वर्षांतच त्यांचे विचार बदलले आणि १९१० मध्ये त्यांनी ‘तराना-ए-मिल्ली’ लिहिला. पुढचा इतिहास आपल्याला माहीत आहे. कवी आपल्या गाण्यापासून दूर गेला, पण गाणे त्याच्यामागे गेले नाही. ते इथेच राहिले. १९४५ मध्ये पंडित रविशंकर यांनी ‘इप्टा’साठी त्याला नवी चाल दिली आणि आज शाळेतले मूल ते गाणे त्याच चालीवर म्हणते. एप्रिल १९८४ मध्ये अंतराळातून भारत कसा दिसतो असे पंतप्रधानांनी विचारले तेव्हा राकेश शर्मा यांनी याच गीताच्या शब्दांत उत्तर दिले. इक्बालांच्या राजकारणावर काय मत द्यायचे ते ज्याने त्याने द्यावे, पण हे गाणे भारताचे कसे, असा प्रश्न विचारण्यात अर्थ राहिलेला नाही. ज्यांनी ते पिढ्यान्‌पिढ्या म्हटले त्यांचे ते झाले.

दुसरे उदाहरण याहून विचार करायला लावणारे आहे. २७ डिसेंबर १९११ रोजी कलकत्ता काँग्रेसमध्ये प्रथम गायले गेलेले आणि २४ जानेवारी १९५० रोजी राष्ट्रगीत म्हणून स्वीकारले गेलेले गीत रवींद्रनाथांचे. त्याच रवींद्रनाथांनी १९१७ साली ‘नॅशनॅलिझम’ या पुस्तकात राष्ट्रवादाच्या उन्मादाविषयी जगाला सावध केले होते. देशावर इतके सुंदर गीत लिहिणाऱ्या कवीला राष्ट्राची पूजा धोक्याची वाटत होती. यात विसंगती नाही. देशावर प्रेम करणारा माणूस देशाला देव मानतोच असे नाही, आणि देव न मानल्यामुळे त्याचे प्रेम कमी भरत नाही. आपल्यातल्या अनेकांच्या मनातली जी अडचण शब्दांत मांडता येत नाही, ती मांडण्याचे शब्द राष्ट्रगीताच्या कवीकडेच आहेत.

‘हकीकत’ (१९६४) या चित्रपटातले जवानांचे गीत आजही अशा प्रत्येक मैफलीत होते. शब्द कैफी आझमींचे, चाल मदन मोहन यांची, आवाज मोहम्मद रफींचा. ते ऐकताना डोळे भरून येतात, तेव्हा कुणी त्या तिघांच्या धर्माची टक्केवारी काढत नाही. गाणे चांगले असले की हिशेब आपोआप सुटतो. देशभक्तीच्या गाण्याचे सामर्थ्य यातच असावे, की थोडा वेळ का होईना, गाणारा आणि ऐकणारा आपापली ओळखपत्रे विसरतात. गाण्यालाच ओळखपत्र केले की हे सामर्थ्य संपते.

म्हणून न गाण्याचाही विचार केला पाहिजे. १९८५ साली केरळमध्ये तीन भावंडांना शाळेतून काढून टाकण्यात आले. राष्ट्रगीत सुरू असताना ती मुले आदराने उभी राहत, पण गात नसत, कारण त्यांच्या ख्रिस्ती पंथाच्या श्रद्धेत ते बसत नव्हते. ११ ऑगस्ट १९८६ रोजी सर्वोच्च न्यायालयाने त्यांना पुन्हा शाळेत घेण्याचा आदेश दिला. न्यायमूर्ती ओ. चिन्नप्पा रेड्डी यांनी लिहिलेल्या त्या निकालात, राष्ट्रगीत गायलाच हवे अशी सक्ती करणारा कायदा नाही आणि शांतपणे उभे राहण्यात कोणताही अनादर नाही, असे स्पष्ट म्हटले आहे. बोलण्याच्या स्वातंत्र्यात गप्प राहण्याचे स्वातंत्र्यही येते, हा त्याचा गाभा. त्याआधी जवळपास पन्नास वर्षे, ऑक्टोबर १९३७ मध्ये, काँग्रेस कार्यकारिणीने ‘वंदे मातरम्’ची पहिली दोन कडवी म्हणावीत असे ठरवताना, त्याऐवजी किंवा त्याबरोबर दुसरे निर्दोष गीत म्हणण्याची मोकळीकही ठेवली होती. स्वातंत्र्यासाठी तुरुंगात जाणाऱ्या माणसांना गाण्यातला हा मोकळेपणा धोक्याचा वाटला नाही. पुढे ३० नोव्हेंबर २०१६ च्या आदेशाने चित्रपटगृहात राष्ट्रगीत सक्तीचे झाले आणि ९ जानेवारी २०१८ रोजी न्यायालयानेच ती सक्ती काढून घेतली. हुकूम देऊन माणसाला उभे करता येते. त्याच्या मनात काय उभे राहावे, हे हुकुमाने ठरत नाही.

मात्र ही बाब दोन्हीकडून पाहिली पाहिजे. जो गात नाही त्यानेही स्वतःला एक प्रश्न विचारावा. माझे न गाणे श्रद्धेतून आले आहे की निव्वळ हट्टातून? केरळची ती मुले कुणाला खिजवण्यासाठी गप्प नव्हती. त्यांच्या गप्प राहण्यातही अदब होती. शेजाऱ्याच्या भावनेचा मान ठेवणे आणि स्वतःच्या श्रद्धेशी प्रामाणिक राहणे, ही दोन्ही कामे एकाच वेळी करता येतात. ती करणे अवघड आहे, हेही खरे.

धर्माचा विषय निघालाच आहे तर आणखी एक गोष्ट स्पष्ट करायला हवी. आपल्या कार्यक्रमांत एक अरबी वचन हमखास ऐकवले जाते. वतनावरचे प्रेम हा ईमानचाच भाग आहे, असा त्याचा आशय. हे वचन हदीस म्हणून सांगितले जाते, पण हदीसच्या जाणकारांनी ते प्रमाण मानलेले नाही. एक चांगला विचार सिद्ध करण्यासाठी अप्रमाण आधार घेण्याची गरज काय? तिर्मिजींच्या संग्रहात मक्का सोडतानाचे पैगंबरांचे उद्‌गार आहेत. माझ्या लोकांनी मला घालवले नसते तर मी तुला सोडून दुसरीकडे राहिलो नसतो, असे त्यांनी आपल्या गावाला उद्देशून म्हटले, असा त्यांचा भावार्थ. ते गाव त्या वेळी त्यांच्या जिवावर उठले होते. तरीही जन्मगावाविषयीची ओढ त्यांनी लपवली नाही. मातीवरच्या प्रेमासाठी आपल्याला याहून मोठा दाखला नको.

त्याच परंपरेत या प्रेमाची मर्यादाही सांगितली आहे. आपल्या लोकांवर प्रेम करणे म्हणजे असबियत, म्हणजे आंधळा गटाभिमान आहे काय, असे पैगंबरांना विचारले गेले. त्यावर त्यांचे उत्तर असे की, नाही. आपल्या लोकांना अन्यायात साथ देणे ही असबियत. आणखी एका प्रसिद्ध हदीसमध्ये, भाऊ जुलूम करत असेल तर त्याला मदत कशी करायची, या प्रश्नाला त्याचा हात धरून त्याला जुलमापासून रोखायचे, असे उत्तर आहे. हे निकष आपण फक्त ‘इतरांच्या’ राष्ट्रवादाला लावतो. ते आपल्या जमातीलाही लागू आहेत. आपल्या मोहल्ल्यातला, आपल्या जमातीतला कुणी चुकत असेल आणि आपण केवळ ‘आपला’ म्हणून गप्प राहिलो, तर तीही असबियतच. देशाचा हात धरण्याचा हक्क ज्याला हवा त्याने आधी घरच्यांचा हात धरून पाहावा.

महाराष्ट्रात हा हात धरण्याचे काम गाण्याने केले आहे. बार्शीत जन्मलेले मेहबूब हुसेन पटेल, म्हणजे शाहीर अमर शेख (१९१६–१९६९), यांनी अण्णा भाऊ साठे आणि द. ना. गवाणकर यांच्याबरोबर १९४४ साली लाल बावटा कलापथक उभारले. संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यात त्यांच्या पहाडी आवाजाने मैदाने भारून जात. तो लढा परक्या सरकारशी नव्हता. तो स्वतंत्र भारतातल्या आपल्याच सरकारशी होता, आणि त्यात शंभराहून अधिक माणसे हुतात्मा झाली. १ मे १९६० रोजी जे राज्य आले, त्याच्या पायात त्या डफाचा आवाज आहे. सरकारविरुद्ध गाणाऱ्या त्या शाहिराचे देशप्रेम कमी होते असे आज कोण म्हणेल? त्यांनी कुणापुढे साक्ष दिली नाही. त्यांनी मागणी केली. मागणी तोच करतो, जो घर आपले समजतो. पाहुणा मागत नाही, तो आभार मानतो.

इथवर आल्यावर मूळ प्रश्न उरतोच. साक्ष द्यायची नाही, तर देशप्रेमाच्या कार्यक्रमात करायचे काय? गाणी आणि आठवणी कशासाठी? मला याचे उत्तर आपल्याकडच्या एका साध्या रिवाजात दिसते. जनाजा तयार असतो, लोक जमलेले असतात, आणि नमाजच्या आधी मयताचा मुलगा किंवा भाऊ पुढे येऊन विचारतो, “मरहूमकडून कुणाचे काही येणे असेल तर सांगा, आम्ही देऊ.” पैगंबरांसमोर जनाजा आणला गेला की ते मयताच्या माथ्यावर कर्ज आहे काय, असे विचारत, असे बुखारींच्या संग्रहात आहे. पुढे त्यांनी नादार मयताचे कर्ज स्वतःच्या जबाबदारीवरही घेतले. माणसाच्या अखेरच्या घडीला त्याचे प्रेम किती होते, असे कुणी विचारत नाही. देणे किती राहिले, एवढेच विचारतात. प्रेम मोजता येत नाही. देणे मोजता येते, आणि फेडताही येते.

देशप्रेमाचा विचार आपण प्रेमाच्या पुराव्याकडून देण्याच्या हिशेबाकडे नेला, तर बऱ्याच गोष्टी सुटसुटीत होतात. माझ्यावर कुणाकुणाचे देणे आहे, ही आठवण म्हणजे देशाची आठवण. ती फक्त युद्धाची आणि फाशीची असत नाही. १९७२ च्या दुष्काळात महाराष्ट्रातली लाखो माणसे खडी फोडायला, पाझर तलाव खणायला कामावर गेली. त्या कामांवर वाटली जाणारी सुकडी आणि रेशनवरचा मिलो त्या पिढीला अजून आठवतो. एकाच पाटीत मुरूम भरणाऱ्या हातांत सगळ्या जातीधर्मांचे हात होते, आणि त्या तलावांचे पाणी पुढे सगळ्यांच्या शेतात गेले. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारी परिसर भूकंपाने कोसळला तेव्हा ठिकठिकाणची माणसे ढिगारे उपसायला धावली. दगडाखालून येणाऱ्या हाकेला कुणी नाव विचारले नाही. ज्या आजीला वाचता येत नाही, जिने कुठल्या सत्याग्रहात भाग घेतला नाही, तिच्याकडेही अशा आठवणी असतात. पण आपल्या कार्यक्रमात तिला कुणी बोलावत नाही, कारण तिच्या आठवणीचा ‘पुरावा’ म्हणून उपयोग नसतो. खरे तर देश तिच्याच आठवणीत सर्वांत जास्त आहे.

देणे मान्य केले की अंगावर कामही येते. ज्या शाळेने मला शिकवले, त्या शाळेतल्या गळती झालेल्या मुलीचे देणे माझ्यावर आहे. कुर्बान हुसेन कामगारांसाठी झटले, तर आपल्या कारखान्यात, यंत्रमागावर, बेकरीत राबणाऱ्या मुलाचे वय आणि मजुरी पाहणे हे त्यांच्या स्मरणाचा भाग आहे. त्यांचे नाव घेऊन टाळी वाजवायची आणि त्या मुलाकडे पाठ फिरवायची, असे स्मरण त्यांनी स्वीकारले नसते. दुसऱ्या बाजूने, देशाकडूनही आपले काही येणे आहे. संशयमुक्त नागरिकत्व, भाड्याने मिळणारे घर, नोकरीत समान संधी. देणे मानणारा माणूस आपले येणे न लाजता मागू शकतो. साक्षीदाराला ते मागता येत नाही, कारण तो पिंजऱ्यात उभा असतो.

पडद्यावरच्या मैफलींची एक गंमत इथे नोंदवावीशी वाटते. त्यात सगळ्यांना एका सुरात गाता येत नाही. प्रत्येकाचा आवाज थोडा मागेपुढे पोहोचतो आणि गोंगाट होतो. म्हणून एकजण गातो आणि बाकीचे आपापले आवाज बंद करून ऐकतात, किंवा घरातल्या घरात ओठ हलवतात. त्या वेळी कोण किती मोठ्याने गातो आहे, हे कुणालाच कळत नाही. एका अर्थी देशभक्तीच्या गाण्यासाठी ही आदर्श व्यवस्था आहे. परीक्षकाला काही ऐकू येत नाही, आणि ज्याला गायचे आहे तो स्वतःसाठी गातो. ज्याला नुसते ऐकायचे आहे, त्याच्यावरही कुणाची नजर नसते.

तेव्हा असे कार्यक्रम जरूर व्हावेत, पूर्वीसारखे सभागृहात आणि नव्या पद्धतीने पडद्यावरही. फक्त त्यांच्या आखणीत थोडा बदल करून पाहावा. प्रत्येक गाण्याआधी ते कुणी, केव्हा आणि कोणत्या परिस्थितीत लिहिले ते सांगावे. हुतात्म्याचे नाव घेताना त्याच्या सोबत्यांचीही नावे घ्यावीत. वक्त्यांच्या भाषणातून दहा मिनिटे काढून ती मोहल्ल्यातल्या एखाद्या आजीला द्यावीत आणि मुलांना तिला प्रश्न विचारू द्यावेत. शेजारच्या आळीतल्या हिंदू, दलित, ख्रिस्ती मित्रांना प्रमुख पाहुणे म्हणून मंचावर बसवण्यापेक्षा आठवणी सांगायला बोलवावे, म्हणजे ते श्रोते राहणार नाहीत आणि आपण साक्षीदार राहणार नाही. आणि शेवटी, आभारप्रदर्शनाच्या आधी, आपल्या वस्तीवर कुणाचे काय देणे राहिले आहे आणि यंदा त्यातले काय फेडायचे आहे, ते सर्वांसमक्ष ठरवावे.